तुझा कोण लागत होता तो?

ताई,

मी ४६ वर्षांची आहे, एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते. लिहू की नको असं वर्षभर चाललं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र गेले आणि सगळं पुन्हा वर आलं, म्हणून आज लिहायला बसले.

१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. झाकीर हुसेन गेल्याची बातमी मोबाइलवर आली आणि मी लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. थोड्या वेळाने कळलं, की ते अजून आहेत, प्रकृती गंभीर आहे, नातेवाइकांनी बातमी नाकारलीय. मावसभावाने सगळ्यांसमोर लिहिलं, 'जिवंत माणसाला मारून मोकळी झालीस.' मी मेसेज काढून टाकला. सकाळी उठले तर बातमी खरी झाली होती.

पुढचे तीन दिवस मला रडू आवरेना. बसमध्ये, ऑफिसात, भांडी घासताना. नवरा म्हणाला, 'तुझा कोण लागत होता तो?' तो टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. पण धाकटी बहीण म्हणाली, 'बाबा गेले तेव्हा तर तू टिपूस गाळला नव्हतास.' ते खरं आहे. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हॉस्पिटलपासून शेवटपर्यंत सगळं मीच निभावलं. रडले नाही, नंतरही नाही.

मी काही वर्षं एक वही ठेवते. गेलेले कलावंत, खेळाडू, लेखक यांचं नाव, तारीख आणि दोन ओळी. त्या रात्री साडेदहाला झाकीरभाईंचं नाव लिहिलं, मध्यरात्री खोडलं आणि सकाळी त्याच्याच खाली परत लिहिलं. ते पान मला बघवत नाही. फाडून टाकू का? माझा १७ वर्षांचा मुलगा म्हणतो, 'आई, मेलेल्यांची यादी कशाला ठेवतेस? भीती वाटते.' धर्मेंद्र यांच्या वेळी ११ नोव्हेंबरला मी कुणाला काहीच पाठवलं नाही, आणि २४ तारखेला खरी बातमी आली तेव्हा काय लिहावं सुचेना. नाव आणि अर्धी ओळ, तेवढंच झालंय.

आणखी एक. ज्यांच्याबद्दल मनात आदर नाही, अशी मोठी माणसं गेली की काय करायचं? सगळे गोड लिहितात. मला खोटं लिहवत नाही.

मी जरा विचित्र झालेय का?

— एक वाचक

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ तसंच समोर ठेवून बसले. तुम्ही विचित्र झालेला नाहीत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या नवऱ्याचा प्रश्न मला आवडला. कोण लागत होता तो? आपल्या भाषेत नात्यांना नावांची वानवा नाही. मावससासू, चुलतदीर, आत्तेबहीण, सगळ्यांना शब्द आहे. पण एखादा माणूस एकदाही न भेटता पंचवीस-तीस वर्षं आपल्या घरात वाजत राहतो, त्याला काय म्हणायचं, याला शब्द नाही. मग शब्द नाही म्हणजे नातंच नाही, असं घरच्यांना वाटतं, आणि हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी नेमकं हेच हेरलं होतं. टीव्ही तेव्हा घरोघर नुकता येत होता. त्यांचं म्हणणं असं, की पडद्यावरचा माणूस आपल्याकडे बघून बोलतो, ठरल्या वेळी घरात येतो, त्याच्या लकबी आपल्या ओळखीच्या होतात, आणि बघणाऱ्याच्या मनात खऱ्या ओळखीसारखीच ओळख तयार होते. दुरून जडलेली जवळीक, असं त्यांनी तिला म्हटलं. ही जवळीक एकतर्फी असते, हे त्यांनीही लिहिलंय आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. झाकीर हुसेन यांना तुम्ही माहीत नव्हतात. पण ते तुम्हाला माहीत होते. त्यांनी वाजवलेलं तुमच्यापर्यंत पोचत होतं, आणि जे गेलं ते तुमच्या बाजूचं गेलं. त्यासाठी त्यांना तुमचं नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

मी सोळा वर्षांची असताना, १३ डिसेंबर १९८६ ला, स्मिता पाटील गेली. 'गेल्या' म्हणायला आजही माझी जीभ वळत नाही. ३१ वर्षांची होती, बाळंत होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मी न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेर काकू होती आणि तिने हाच प्रश्न विचारला असता, हे मला पक्कं माहीत होतं. बादली भरली, वाहायला लागली, पाणी पायाखालून मोरीत चाललं होतं, तरी मी नळ बंद केला नाही, कारण बंद केला तर आवाज बाहेर गेला असता. स्मिताचे सगळे चित्रपट मला आज आठवत नाहीत. ती वाहणारी बादली आठवते.

केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर आख्खं पुस्तक केलं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही, ते. घटस्फोटित जोडीदार जातो, पाळलेलं कुत्रं जातं, गर्भ पडतो. भेटायला कुणी येत नाही, रजा मिळत नाही आणि माणूस आपलं दुःख आपणच लपवत बसतो. लपवावं लागलेलं दुःख जास्त रेंगाळतं. तुम्ही तीन दिवस बसमध्ये तोंड वळवून रडलात, त्यातला निम्मा त्रास झाकीरभाई गेल्याचा होता आणि निम्मा ते कुणाला दिसू नये याचा.

आता बाबांबद्दल. इथे मी सांभाळून लिहितेय. तुम्हाला पुष्कळजण सांगतील, की झाकीर हुसेन हे निमित्त होतं, खरं तर तुम्ही बाबांसाठीच रडत होतात. ऐकायला बरं वाटतं आणि बहिणीचंही समाधान होईल. मला ते पटत नाही. कधीकधी तसं होतं, होत नाही असं नाही. पण तुमच्या पत्रात मला त्याची खूण कुठे दिसली नाही. बाबांना तबल्याची आवड होती, असंसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही झाकीरभाईंसाठी रडलात. ते अश्रू त्यांच्या नावावर आहेत. तुम्ही हिशेबाचं काम करता, तेव्हा एका खात्यातली रक्कम केवळ ताळा जुळावा म्हणून दुसऱ्या खात्यात टाकायची नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाबांच्या वेळी तुमच्या हातात फाइल होती. मीही हे काम केलंय म्हणून सांगते. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, झेरॉक्स किती, दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, कुणाला फोन झाला, कुणाला राहिला. त्या दिवशी ज्याच्या हातात फाइल असते त्याला रडणं परवडत नाही. आणि पुढे, सगळं उरकल्यावर, रडण्याची वेळ निघून गेलेली असते. शिवाय बापाशी आपला व्यवहार कधी सरळ नसतो. माया असते, धाक असतो, बोलायचं राहून गेलेलं असतं, शेवटच्या आजारपणात आपण एकदोनदा चिडलेले असतो. कलावंताशी असलं काही नसतं. तो आपल्यावर कधी ओरडलेला नसतो आणि आपण त्याची गोळी द्यायला कधी विसरलेलो नसतो. त्याच्याकडून नुसतं मिळालेलं असतं. म्हणून त्याच्यासाठी रडू सरळ येतं. बाबांसाठी ते आलं नाही, यावरून तुमचं त्यांच्यावर प्रेम किती होतं, हे कुणी मोजू नये. तुम्हीही मोजू नका.

बहिणीच्या बोलण्याचा मात्र मी जरा वेगळा अर्थ लावते. ती झाकीर हुसेन यांच्याबद्दल बोलत नव्हती. त्या दिवशी घरात ती रडत होती आणि तुम्ही कागद सांभाळत होतात. तिला तेव्हा रडायला सोबत हवी होती आणि मोठी बहीण कामात होती. ते तिच्या मनात तीन वर्षं राहिलं आणि तुम्हाला रडताना बघून बाहेर आलं, तेही चुकीच्या शब्दांत. तिला स्पष्टीकरण देऊ नका. एखाद्या दिवशी तिच्याजवळ बसा आणि नुसतं विचारा, 'त्या दिवशी मी फाइल घेऊन फिरत होते तेव्हा तू कुठे होतीस?' ती सांगेल. तुम्हाला त्या दिवसाचं ते दृश्य ठाऊकच नाही आणि ते फक्त तिच्याकडे आहे.

त्या रविवारच्या रात्रीबद्दल. मावसभावाचे शब्द कठोर होते, आणि सगळ्यांसमोर म्हणायची गरज नव्हती. जबाबदार म्हणवणाऱ्या माध्यमांनीच बातमी दिली होती, तुम्ही ती खरी मानलीत. तरीही तो मेसेज तुम्हाला अजून बोचतोय, आणि ते बोचणं बरोबर आहे असं मला वाटतं. कारण हे आता पुन्हा पुन्हा होतंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले हॉस्पिटलात होते. ते गेल्याची बातमी रात्री पसरली, लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या आणि ते अजून आहेत, असं घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं. ते गेले २६ नोव्हेंबरला. धर्मेंद्र यांच्या बाबतीत ११ नोव्हेंबर २०२५ ला तेच झालं. त्यांची मुलगी आणि हेमामालिनी या दोघींना जाहीरपणे नाकारावं लागलं, आणि हे अक्षम्य आहे, असं हेमामालिनी म्हणाल्या. पुढे तेरा दिवस ते होते.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाचा विचार करा. आत श्वास चालू आहे आणि हातातल्या मोबाइलवर 'ओम शांती' येतंय. त्याला आतल्या माणसाजवळ बसायचं की जगाला उत्तरं द्यायची? असरानी २० ऑक्टोबर २०२५ ला गेले तेव्हा घरच्यांनी अंत्यसंस्कार आधी केले आणि मग कळवलं. गाजावाजा नको, ही असरानींचीच इच्छा होती. मला ते फार समजूतदार वाटलं. आपलं प्रेम कितीही खरं असलं, तरी पहिले काही तास घरच्यांचे असतात.

आणि घाई करून आपण वर्तमानपत्रांशी कशाला शर्यत लावायची? त्यांच्याकडे मृत्युलेख आधीच लिहून तयार असतात. हॉलिवूडची अभिनेत्री एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेला तिचा मृत्युलेख मुख्यतः मेल गसॉ यांनी लिहिलेला होता, आणि गसॉ स्वतः २००५ मध्येच वारले होते. लिहिणारा सहा वर्षं आधी गेला आणि जिच्याबद्दल लिहिलं ती नंतर. वर्तमानपत्राला हे करावंच लागतं, सकाळच्या अंकात सगळं आयुष्य छापायचं असतं. तुमच्या वहीला सकाळचा अंक नाही. घरच्यांचं किंवा हॉस्पिटलचं निवेदन आल्याशिवाय मी आता कुणाला काही पाठवत नाही, आणि वहीत तर मध्ये एक रात्र जाऊ देते. होय, वही मीही ठेवते. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं ठरवलं त्याचं एक कारण तेही आहे.

म्हणून वहीत काय लिहावं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण धर्मेंद्र यांच्या पानावर तुमचं पेन अडलंय. आपल्याकडे तयार वाक्यं आहेत. काळाच्या पडद्याआड गेले. कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली. एका युगाचा अंत झाला. या वाक्यांना मी नावं ठेवणार नाही. मन सुन्न असतं तेव्हा हाताशी काही शब्द असलेले बरे, कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर आपण सगळे तेच बोलतो आणि त्याने आधार मिळतो. पण वहीत ती नकोत. त्यातल्या माणसाचं नाव काढून तिथे दुसरं नाव घाला. वाक्य तसंच उभं राहिलं, तर ते वाक्य त्या माणसाचं नव्हतं.

कर्तृत्वाची यादीही नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये झाकीर हुसेन यांना एकाच समारंभात तीन ग्रॅमी मिळाले, आदल्या वर्षी पद्मविभूषण मिळालं, ही माहिती कायमची नोंदलेली आहे, ती कुठेही सापडेल. तुम्ही लिहिली नाहीत तर जी जगात कुठेच सापडणार नाही, ती गोष्ट लिहा. म्हणजे तुमच्यापर्यंत काय पोचलं, केव्हा, आणि तुम्ही तेव्हा कुठे होतात.

माझ्या वहीतलं त्यांचं पान असं आहे: 'मी मागच्या रांगेत होते. बोटं दिसत नव्हती. वाजवायला सुरुवात करण्याआधी त्यांनी हातोडी घेतली आणि तबला सुरात मिळवायला लागले. वादीखालच्या एका लाकडी गट्ठ्यावर हलकेच ठोका, काठाच्या चाटेवर बोट, कान खाली. तबला थोडा फिरवायचा, पुढचा गट्ठा. कुणी खोकत नव्हतं. त्या दिवशी काय काय वाजवलं ते मी विसरले. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या गर्दीसमोर, कुणाला थांबवून ठेवल्याचा ताण न घेता, आपलं वाद्य नीट लावून घेतलं, हे मी विसरले नाही. त्यानंतर मी घाईत कधी काम सुरू करायला लागले, की ती हातोडी आठवते.' बस, एवढंच. तारखेशिवाय त्यात माहिती काही नाही.

दुसरं एक पान आहे, २९ आणि ३० एप्रिल २०२० चं. पहिल्या दिवशी इरफान खान, दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर. टाळेबंदी होती, त्यांच्या अंत्ययात्रेलाही मोजकीच माणसं होती, मग आपण कुणाकडे जाणार? त्या पानावर मी लिहिलंय: 'मैत्रिणीला फोन लावला. दोघींनाही बोलता येईना. फोन कानाला तसाच धरून बसलो. तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली ती ऐकली.' इरफानच्या अभिनयाबद्दल त्यात एक शब्द नाही. तरी ते पान इरफानचंच आहे.

आदर नसलेल्या माणसांबद्दल तुम्ही विचारलंत. 'मरणान्तानि वैराणि' हे वचन अशा वेळी सगळे पुढे करतात. ते कुठे आलंय ते आठवा. रावण पडलाय, विभीषण अंत्यसंस्कार करायला कचरतोय आणि राम त्याला सांगतो, की वैर मरणापाशी संपलं, आता याचे संस्कार कर. म्हणजे देहाशी आता वैर धरू नकोस. रावणाने केलं ते केलंच नाही असं समज, असं राम म्हणत नाही. आपण मात्र या वचनाचा अर्थ 'गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये' असा सरसकट करून टाकलाय, आणि मग मेल्या म्हशीला मणभर दूध निघायला लागतं. जिवंतपणी ज्याच्या नावाने सगळे त्रस्त होते तो दुपारी गेला, की संध्याकाळपर्यंत अजातशत्रू होतो.

खोटं लिहू नका, पण लिहायलाच हवं असंही नाही. तारीख आणि नाव लिहून जागा कोरी सोडली, तरी ते पान पुरेसं बोलतं. आणि ज्या माणसाने बरं आणि वाईट दोन्ही केलं, त्याचं दोन्ही लिहा. मॅराडोना २५ नोव्हेंबर २०२० ला गेला. २२ जून १९८६ ला, इंग्लंडविरुद्धच्या त्या एकाच सामन्यात त्याने हाताने गोल केला, पंचांना हात दिसला नाही, आणि चारच मिनिटांनी स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू नेत, एकामागून एक खेळाडू मागे टाकत दुसरा गोल केला. यातला एकच गोल लिहिला तर मॅराडोना अर्धाच राहील. फक्त एका बाबतीत माझं मत ठाम आहे. गेलेल्या माणसाने ज्यांचं प्रत्यक्ष नुकसान केलं, ती माणसं पहिल्या दिवशी बोलली तरी त्यांना कुणी गप्प करू नये. आपल्यासारख्या लांबच्यांनी चार दिवस थांबायला हरकत नाही. त्यांना ते बंधन नाही.

आता मुलगा. त्याला वहीची भीती वाटते, कारण त्याने ती उघडून पाहिलेली नसावी. बाहेरून ती यादीच दिसते. आत काय आहे, ते त्याला एखादं पान वाचून दाखवल्याशिवाय कसं कळणार? असं पान निवडा, की ज्यातला माणूस त्यालाही आवडायचा. आणि त्याला एक नाव विचारा. १७ वर्षांच्या मुलाचीही कुणीतरी गेलेली माणसं असतात, आपल्याला त्यांची नावं ठाऊक नसतात, एवढंच.

त्याच्याच वयाच्या संदर्भात एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने आत्महत्या केली असेल, तर कशी केली, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीही वहीत लिहू नका, कुणाला पाठवू नका आणि घरात त्याची चर्चा करू नका. हॉलिवूडचे विनोदी अभिनेते रॉबिन विल्यम्स ऑगस्ट २०१४ मध्ये असेच गेले. त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाल्याचं पुढे अभ्यासात दिसलं. बातमी कशी सांगितली जाते, तिचा परिणाम आधीच खचलेल्या माणसावर होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी यावर सूचना काढलेल्या आहेत. अशा माणसाचं काम लिहा, त्याचं हसणं लिहा. आणि मुलगा अशा बातमीनंतर गप्प गप्प वाटला, तर त्याला सरळ विचारा, 'तुझ्या मनात असं काही येतं का?' विचारल्याने कल्पना डोक्यात जाते हा गैरसमज आहे. गरज वाटली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

वहीच्या पलीकडे कधी काही करावंसं वाटलं, तर कन्नड अभिनेता पुनीत राजकुमारची गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. २९ ऑक्टोबर २०२१ ला तो गेला तेव्हा तुमच्याच वयाचा होता, ४६ चा. त्याचे डोळे दान केले गेले, जसे आधी त्याच्या वडिलांचे केले होते, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानासाठी माणसं मोठ्या संख्येने पुढे आली. नुसता अर्ज भरून भागत नाही, हे लक्षात ठेवा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि होकार घरच्यांना द्यावा लागतो, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

बाबांचं पान त्या वहीत लिहावं का, असं तुमच्या मनात कदाचित आता येईल. माझं मत विचाराल तर नको. ती वही दुरून जवळ झालेल्या माणसांची आहे. बाबा दूर नव्हते. लिहावंसं वाटलंच, तर त्यांच्यासाठी वेगळी वही घ्या आणि पहिलं पान बहिणीला लिहू द्या.

आणि १५ डिसेंबरचं ते पान फाडू नका. खोडलेलं नाव आणि त्याच्याखाली पुन्हा लिहिलेलं तेच नाव. साडेदहाला तुमचा विश्वास बसला होता, मध्यरात्री आशा वाटली होती, सकाळी ती राहिली नाही. ती रात्र नेमकी कशी गेली, हे त्या पानावर जितकं खरं उमटलंय तितकं तुम्ही ठरवून लिहिलं असतं तरी उतरलं नसतं. खोडलेल्या नावाशेजारी बारीक अक्षरात वेळ लिहून ठेवा, तेवढीच त्यात भर. मग पुढे जाऊन २४ नोव्हेंबरचं पान उघडा. तिथे तुमची अर्धी ओळ अजून थांबलेली आहे. धर्मेंद्र तुम्हाला पहिल्यांदा कुठे दिसले होते, शेजारी कोण बसलं होतं आणि पडदा केवढा होता, तिथून सुरू करा.